आम्हीच्या जागी मी

दीर : पण वहिनी, एकटी माणसंसुद्धा लिहितात की 'आम्ही'. सगळे ड्रायव्हिंग स्कूलवाले तसंच लिहितात. दादाला जाऊन महिनाही झाला नाही, राहू दे ना वेबसाइट आहे तशी.

वहिनी : नको. 'आम्ही' वाचून लोक फोन करतात, सरांची वेळ मिळेल का विचारतात. मग मला सांगावं लागतं. काल एकाला म्हटलं, सर गेले. तर म्हणाला, परत कधी येतील?

दीर : मग?

वहिनी : मग काय, त्याला नीट सांगितलं. बिचारा तोच माफी मागत बसला. तुम्ही काढा ते पान.

दीर : काढलंय. हे बघा. दादा सांगत होता आणि मी लिहीत होतो, ह्याच टेबलाशी. 'आम्ही' इतक्यांदा आलंय, हे तेव्हा लक्षातच आलं नाही.

वहिनी : खोडा एकेक.

दीर : एकेक नाही खोडावं लागत. एक शब्द निवडायचा आणि ही दोन बटणं एकदम दाबायची. दर वेळी खालचा पुढचा 'आम्ही' पकडला जातो. सगळे पकडले की प्रत्येकापाशी एक कर्सर लुकलुकतो. मग एकदाच टाइप करायचं, सगळीकडे उमटतं.

वहिनी : दाबा की मग.

दीर : हा पहिला 'आम्ही' निवडला. आता ही दोन...

वहिनी : काय झालं?

दीर : हात होत नाहीये.

वहिनी : सरका. मी बसते. ही दोन ना?

दीर : हां. पुन्हा. पुन्हा. पार तळापर्यंत जा.

वहिनी : सगळीकडे लुकलुकतंय. इंडिकेटर लावून ठेवल्यासारखं.

दीर : आता टाइप करा.

वहिनी : मी. झालं? एवढंच?

दीर : एवढंच. एकदा वरून वाचून घ्या.

वहिनी : 'मी अगदी नवख्यांनाही गाडी शिकवतो. मी घरापाशी येऊन तुम्हाला घेऊन जातो. परीक्षेच्या दिवशी मी सोबत येतो.' ... भाऊजी.

दीर : ऐकलं.

वहिनी : हे तर हेच बोलतायत.

दीर : 'आम्ही'ला 'शिकवतो' चालत होतं. क्रियापदाचं माझ्या डोक्यातच आलं नाही. थांबा, पुन्हा पहिल्यासारखं करतो.

वहिनी : हात लावू नका. होऊ दे वाचून. 'मी कुणावरही ओरडत नाही.'

दीर : हे त्याने मुद्दाम घालायला लावलं होतं.

वहिनी : कसले ओरडत नाही! गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू यायचं. 'मी दोघं मिळून प्रत्येकाकडे लक्ष...' हे काय?

दीर : 'आम्ही दोघं' होतं तिथे.

वहिनी : मी दोघं.

दीर : हसताय?

वहिनी : हसले का? कळलं नाही मला.

दीर : ते वाक्यच काढून टाका. आता 'शिकवतो'मधला 'तो' निवडा, सगळीकडे 'ते' करू. नाही, नको. 'गाडी बंद पडली तर तो दोष तुमचा नाही' असं आहे खाली. तिथलाही 'तो' जाईल.

वहिनी : मग हातानेच करते. शिकवते. घेऊन जाते. येते.

दीर : थोडी मी करू?

वहिनी : नको, होतंय. ... सकाळी उठते, काच पुसते, शिकवायला जाते, फोन घेते. सगळं होतं. पण दुसरीच कुणी बाई करतेय आणि मी शेजारच्या सीटवर बसलेय, असं वाटतं. भेटायला येणारे माझ्या तोंडाकडे बघत बसतात, रडेल म्हणून. येतच नाही रडू.

दीर : मलाही नाही आलं अजून.

वहिनी : खरंच?

दीर : ऑफिसात विचारलं कुणी की कसा आहेस, तर मी म्हणतो, मस्त. तोंडातून निघून जातं.

वहिनी : बरं झालं सांगितलंत. मला वाटलं, मीच दगड.

(ती टाइप करत राहते. तो पडद्याकडे बघतो.)

दीर : ते ओरडण्याचं वाक्य राहिलं. त्यात काही बदलायला लागत नाही. 'ओरडत नाही' दोघांनाही चालतं.

वहिनी : मग असू दे. निदान आता तरी खरं होईल.

दीर : चढवू का साइटवर?

वहिनी : चढवा.

दीर : ... चढलं. दिसतंय आता सगळ्यांना.

वहिनी : हं. किल्ली द्या ती. खाली शिकायला नर्सबाई येऊन थांबल्या असतील. ह्यांनी त्यांना मैदानात क्लचपर्यंत आणलं होतं. आज मोठ्या रस्त्यावर न्यायचंय.

दीर : मी येऊ? मागे बसतो नुसता.

वहिनी : या. दार जरा जोरात ओढा, नीट लागत नाही ते.