नको असलेली पत्रं

नाही वहिनी, पासवर्ड बरोबरच होता, डिस्क आचके देत होती — म्हणून लॅपटॉप उघडत नव्हता. आता सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतोय, वीसेक मिनिटं जातील. बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय डुगडुगतो — इकडे. फोटो येतील, हो, कागदपत्रंही. मास्तरनं फोल्डर नीट लावलेत सगळे. मास्तर हे नाव मीच पाडलं त्याला — दुसऱ्याच्या कोडमधल्या चुका लाल करून द्यायचा, म्हणून. सहा महिने झाले ना त्याला जाऊन? मी यायला हवं होतं. आलो नाही. पण इतकी दुकानं सोडून तुम्ही इथं कशा? — तोच म्हणाला होता? बिघडला तर त्याच्याकडेच ने, असं? बरं.

कोर्टाचं घरी काही बोलला नाही? नसेलच बोलला. साधी गोष्ट होती. आम्ही दोघांनी मिळून स्पॅम ओळखणारा प्रोग्राम लिहिला. लॉटरी लागली, टकलावर केस उगवतील, अशी पत्रं येतात ना — त्यातल्या शब्दांना गुण द्यायचे, गुण जास्त झाले की पत्र बाजूला, तीस दिवसांनी आपोआप पुसलं जाणार. बस, एवढंच. तर एका बड्या कंपनीची नोटीस आली, शब्दांना गुण देण्याचं पेटंट म्हणे त्यांचं आहे. आता डाळीतले खडे निवडणं हा कोणाचा शोध, सांगा मला. माझ्या आईनं जन्मभर तेच केलं — तिलाही धाडायची की एक नोटीस. हसलो होतो आम्ही तेव्हा. विकला असता तर त्यांनी काणाडोळा केला असता कदाचित, पण आम्ही तो फुकट नेटवर टाकलेला — घ्या, कॉपी करा, पुढच्याला द्या. चाळीस हजार लोकांनी घेतला. तो परत कुठून गोळा करणार? मग कंपनीला कोणीतरी एक हवा होता — ज्याच्या डोक्यावर खापर फोडायचं, असा.

मास्तरनं टाकला, मी नको म्हणत होतो — असं मी लिहून दिलं. त्यांच्या वकिलानं कागद पुढं सरकवला, पेनचं टोपणसुद्धा त्यानंच काढलं. बायको पोटुशी होती माझी, म्हणून — नाही, ते कारण नको. ती तर सही करू नका म्हणत होती. माझं नाव खटल्यातून गेलं. मास्तरला दहा वर्षं असं काही लिहायला बंदी झाली, मग तो क्लासमध्ये टायपिंग शिकवायला लागला. ते तुम्ही पाहिलंच आहे.

रागावला होता का? मला कसं कळणार? वकील म्हणाला, निकालापर्यंत संबंध ठेवू नका — तर मी मास्तरचा पत्ता स्पॅमच्या यादीत घातला. हो, आमच्याच प्रोग्राममध्ये. निकाल लागल्यावर काढायचा राहिला. राहिला म्हणजे — राहू दिला. फोल्डरपुढे आकडा दिसायचा, एक, दोन. उघडायचो नाही. तीस दिवस झाले की आकडा जायचा. नऊ वर्षं. वाईट वाटायचं का, तर नाही, खरंच नाही — दात काढल्यावर गाल बधिर होतो ना, चावला तरी कळत नाही, तसं.

झालं, उतरलं बघा. हे फोटो. ते लग्नातले. हे — हे ‘पाठवलेली पत्रं’, ते राहू द्या वहिनी. दोनशे अकरा? सगळी मलाच? मी नाही वाचणार. तुम्ही घरी जाऊन वाचा, इथं मोठ्यानं नको — काय? परत वाचा. ‘ते बटण तू दाबलंस हे मी कुठं बोललो नाही, बोलणारही नाही. एकदा भेट.’

हं.

मीच दाबलं होतं. मास्तर खाली चहा आणायला गेला होता. वर आला तेव्हा प्रोग्राम नेटवर गेलेला — म्हणाला, मला विचारायचंस तरी. एवढंच म्हणाला. कोर्टात समोरासमोर उभे होतो, माझा कागद वाचून दाखवला, तर हा खाली बघत राहिला. मला वाटलं, घाबरला.

असं बघू नका. चार्जर पिशवीत टाकलाय. झाकण हळू मिटा, बिजागरी सैल आहे. — या, पुढे या तुम्ही. काय, स्क्रीन फुटलीय का? दाखवा इकडे.