आधी कळवायला काय जातं?

…नाही, पण मी म्हणतो, आधी कळवायला काय जातं? दोन ओळी! जास्त मागतच नाही मी. काय येतंय, किती नग, कोणाचं, कुठल्या गाडीनं. संपलं! आता तुम्ही म्हणाल, हा माणूस कोणावर एवढा उखडलाय… सांगतो. सगळं सांगतो. माझ्या पोटात काही राहत नाही, हीच तर भानगड आहे.

तर माझा धंदा असा. सरहद्दीच्या नाक्याला लागून, टायरच्या दुकानावर माझं ऑफिस. ऑफिस म्हणजे एक खोली, एक टेबल आणि एक पंखा, जो चालू केला की कागद उडतात आणि बंद केला की डोकं तापतं. पलीकडून ट्रक निघाला की तो नाक्यावर पोचायच्या आत मी कस्टमला कळवतो, की बाबांनो, अमुक अमुक माल येतोय. छोटंसं डिक्लेरेशन. आगाऊ! सविस्तर मागाहून भरायचं, पण थोडक्यात आधी. मग गाडी आली की फाटक उघडतं, गाडी सुटते. आणि नाही कळवलं, तर गाडी बाजूच्या मैदानात. त्या मैदानात गेलेला माल, तुम्हाला सांगतो, मालकसुद्धा विसरतो. एकदा टोमॅटो गेले होते… जाऊ दे, तुमची जेवणं व्हायची असतील.

आता इतकी वर्षं लोकांचा माल आगाऊ कळवून कळवून ते माझ्या अंगात मुरलंय. घरी निघालो की बायकोला फोन, "निघालो." कोपऱ्यावर आलो की फोन, "कोपऱ्यावर आलो." बायको म्हणते, "अहो, आता जिन्यातून तरी नका करू, दार उघडंच आहे!" हसते ती. हसू दे. आधी कळवायला काय जातं?

आणि असल्या माणसाचा सख्खा थोरला भाऊ! दादा! परदेशात असतो. कित्येक वर्षांत फिरकला नाही. 'येतो येतो' म्हणतो आणि येत नाही. आज आईचा पंचाहत्तरावा वाढदिवस, आणि काल सकाळी, काल हं, याचा फोन. "बारक्या, आईसाठी एक पेटी पाठवलीय. ट्रकनं. दुपारपर्यंत तुझ्या नाक्यावर येईल. सोडवून घे."

म्हटलं, "दादा, दुपारी येणार आणि आत्ता सांगतोस? बरं, आत काय आहे?"

"सरप्राईज!"

सरप्राईज! कस्टमला! अहो, सरकारला सरप्राईज मिळू नये म्हणून तर कस्टम काढलंय ना? म्हटलं, "दादा, तिथं रकाना आहे. 'मालाचं वर्णन, थोडक्यात.' त्यात काय लिहू? ओळखा पाहू?"

तर हा म्हणतो, "तुला नाही सांगणार. तुला सांगितलं की आईला कळतं. मागे शाल पाठवली, ती पोचायच्या आत आईचा मला फोन, रंग आवडला म्हणून!"

आता… आवडला होता हो तिला रंग. सांगायला नको?

बरं, अंदाजपंचे लिहावं, तर ते खोटं डिक्लेरेशन. लायसन जाईल माझं! न लिहावं, तर पेटी मैदानात, आणि आजपासून नाक्याला सुट्टी. म्हणजे वाढदिवसाला आईसमोर काय ठेवू, मैदानाचा फोटो? आणि आईचं तुम्हाला माहीत नाही. पेटीत रद्दी असली तरी चालेल तिला, दादानं पाठवलीय ना, बस्स. रोज संध्याकाळी मी घरात शिरतो, घामाघूम, दोन्ही हातांत पिशव्या, आणि पहिला प्रश्न काय? "दादाचा फोन आला होता का रे?" मला वाईट नाही वाटत. थोडं वाटतं. असो.

मग लावला ड्रायव्हरला फोन. "ड्रायव्हरसाहेब, पेटी कशी आहे?"

"लाकडी आहे."

"ते झालं. आत काय वाजतं?"

"साहेब, मी गाडी चालवतो, पेटी नाही वाजवत."

हजरजबाबी! आणि मागे कोणीतरी फिदीफिदी हसतंय, आणि हा मध्येच कोणावर तरी ओरडतोय, "दोन चहा! एक बिनसाखरेचा!" म्हटलं, चहा कसले पिताय, इथं माझा जीव टांगणीला… आणि मग लक्षात आलं, अरे, पिऊ दे की! म्हटलं, "प्या हो, प्या. बिस्किटं पण घ्या. सावकाश!" जितकी गाडी उशिरा, तितका मला वेळ.

मग कस्टमच्या साहेबांना फोन. त्यांना बारमाही सर्दी. "साहेब, 'घरगुती भेटवस्तू' एवढं लिहिलं तर?"

"भेटवस्तू म्हणजे काय? जिवंत आहे का? स्फोटक आहे का?"

"साहेब, आमच्या घरातली आहे. काहीही असू शकेल."

तर तो माणूस मला म्हणतो… मला!… "अहो, तुम्ही या धंद्यातले. आधी नीट कळवायला काय जातं?" असं झोंबलं म्हणून सांगू मला!

पुन्हा दादाला फोन. म्हटलं, "दादा, पाया पडतो, सांग." आणि हा, एवढा ताणणारा माणूस, एकदम सांगून मोकळा. "बरं बाबा, खुर्ची आहे. बटण दाबलं की बसलेल्या माणसाला हळूच उभं करते. आईच्या गुडघ्यांसाठी. पण शपथ घे, आईला बोलणार नाहीस."

खुर्ची! अहो, रोज तिला उठवतो कोण? मी. ती 'आई गं' म्हणत कोपर पुढे करते, मी धरतो. आणि खुर्ची सुचली कोणाला? तिकडे बसलेल्याला! मला का नाही सुचली? खरंच लागलं मनाला.

असो. लिहिलं, 'विजेवर चालणारी खुर्ची, नग एक.' पाठवलं, मंजूर झालं, घरी जेवायला गेलो. शपथ पाळली! पूर्ण जेवण होईपर्यंत पाळली! फक्त हात धुताना एवढंच म्हणालो, "आई, ही खिडकीतली जुनी खुर्ची आत ठेवू का गं?"

आईनं चष्म्यावरून पाहिलं. "खुर्ची येतेय होय?"

"छे! कसली खुर्ची? नाही, तिथं प्लग आहे म्हणून आपलं…"

"विजेची?"

आता मला सांगा, मी बोललो का? एक शब्द तरी बोललो का?

दुपारी गाडी आली. फाटक उघडलं. साहेबांनी पेटी उघडायला लावली, खुर्चीत बसले, बटण दाबलं, उभे राहिले. परत बसले. परत उभे राहिले. तपासणी म्हणे! तेवढ्यात केबिनचं पलीकडचं दार उघडलं आणि एक टकला, पोट सुटलेला गृहस्थ खाली उतरला. "बारक्या!"

बिनसाखरेचा चहा! फोनवर मागे फिदीफिदी हसत होता तो दादाच! मिठी मारली त्यानं, आणि कानात काय म्हणतो? "खुर्चीचं आईला सांगितलंस ना?"

"नाही रे…"

"सांगितलंसच! म्हणून तर तुला फक्त खुर्ची कळवली. आता ती खुर्चीच्या वाटेकडे डोळे लावून बसली असेल, माझ्या नाही!"

मामा केला माझा! सख्ख्या भावानं! साहेबांनी नाक पुसत विचारलं, "हे तुमच्या वर्णनात कुठंय?" म्हटलं, "साहेब, हे मला तरी कुठं कळवलं होतं? यांची खिडकी वेगळी, पासपोर्टची."

घरी आलो. आई दारातच. आधी आमच्या मागे खुर्ची शोधली, मग दादा दिसला. चौकट धरली तिनं. त्याच्या टकलावरून हात फिरवत राहिली, आणि मी तर सरळ भिंतीकडे तोंड करून रडलो. आणि मग ती वळली. माझ्याकडे! "काय रे, आधी कळवायला काय जातं तुला? चार पदार्थ केले असते ना!"

मला! जन्मात एकदाच मला माहीत नव्हतं, आणि एकदाच बोलणी खाल्ली! राहवेना मला. म्हटलं, "आई, मी रोज इतकं कळवतो, माझी वाट कधी बघतेस तू?"

"तुझी कशाला बघू?" म्हणाली. "तू येतोसच."

मी दादाची बॅग उचलून आत नेली.

आज सकाळी वाढदिवस. आई नव्या खुर्चीत, दादा खुर्चीच्या हातावर रेललेला, गप्पांना ऊत आलेला, आणि मी खाली जमिनीवर. का? सविस्तर डिक्लेरेशन! खुर्चीचा नंबर सीटखाली. म्हटलं, "आई, जरा उठतेस?" दादा लगेच, "बटण दाब, आई, बटण! बघ आता!" आई म्हणाली, "राहू दे रे ते बटण." आणि नेहमीसारखं कोपर पुढे केलं. माझ्याकडे. "धर."

धरलं. उठवलं.

आता झालंय काय, की थोडक्यात मी लिहून बसलोय, 'विजेवर चालणारी.' आणि खुर्ची चालते माझ्यावर! आता सविस्तरमध्ये हे कुठल्या रकान्यात घालू, सांगा…