चादरीच्या मुठी

...नाही, पण मला सांगा, यात माझं काय चुकलं? तुम्हाला सांगतो, या पंजात एकदा आलेली वस्तू आजवर निसटलेली नाही! हां, आता तीन नोकऱ्या निसटल्या, आठवीची परीक्षा दोनदा निसटली, परवा चहाचा कप निसटला... पण कपाचा कान आधीच तुटका होता, त्यात पंजाचा काय दोष? म्हणून तर म्हणतो, पतंग कुणीही उडवतो हो, प्रश्न मुठीचा असतो!

पतंग म्हणजे तो कागदी, झाडात अडकणारा नव्हे. हा कापडी, दोन पलंगांवर अंथरला तरी खाली लोंबेल एवढा. पॉवर काइट म्हणतात त्याला. चार दोऱ्या, दोन या मुठीला, दोन त्या मुठीला, म्हणजे हातात धरायच्या दांड्याला, आणि एकदा वारा भरला की तुम्ही त्याला उडवत नाही, तो तुम्हाला उडवतो. शेजाऱ्याने मला फुकट देऊन टाकला. देताना त्याचा एक हात प्लास्टरमध्ये होता, पण मी म्हटलं, असेल, माणूस उदार आहे. आमची ही त्याला 'चादर' म्हणते. "निघाली का स्वारी चादर घेऊन?" असं. आणि विचारता विचारता स्वतःच चपला घालते! घालाव्याच लागतात. कारण मी अठ्ठेचाळीस किलो, तेसुद्धा ओल्या कपड्यांसकट. माझ्या कमरेला मागे एक पट्टा असतो, तो धरून हिने टाचा रोवून उभं राहायचं. मी विमान, ही धावपट्टी. वजन विचारू नका. मी एकदा विचारलं होतं, दोन दिवस कोरडी पोळी खाल्ली.

तर मागच्या रविवारी बंद कारखान्यामागच्या मैदानावर काय झालं... वारा आला. म्हणजे असा आला की जसा काही माझ्यावर जुना राग होता! मागून ही ओरडतेय, "अहो, सोडा! सोडा म्हणते ना!" आता तुम्हीच सांगा, धरलेलं सोडायचं? मी नाही सोडलं. मग तिने सोडलं. माझा पट्टा तुटला म्हणून सोडलं म्हणते, मी त्यावर काही बोलत नाही. मी निघालो पोटावर... फिरायला आलेल्या चार पेन्शनरांच्या मधून, एकाला "नमस्कार" म्हटलं तेवढ्यात, आणि थेट फुटबॉलच्या जाळ्यात. गोल! हनुवटीला तीन टाके. टाके घालताना डॉक्टर म्हणतो, "आजोबा, मुठी आता तरी सोडा, मला इंजेक्शन द्यायचंय."

झालं. मुलीचा फोन. "बाबा, ती भानगड आजच्या आज काढून टाका." आणि ही? हिने नुसती माप घ्यायची फीत काढली, पतंग जमिनीवर पसरला आणि खडूने खुणा करायला लागली. म्हटलं, अगं, हे काय? तर म्हणे, "भाजीच्या पिशव्या. अकरा होतील. कापड चांगलं आहे."

अकरा पिशव्या! माझ्या आभाळाच्या! पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. शेवटी कात्री खाली ठेवून म्हणाली, "एक संधी. चांगल्या मुठी घ्या, आणि मी सोडा म्हटलं की माझ्यासमोर सोडून दाखवा. नाही सुटल्या तर पिशव्या." मी म्हटलं, एवढंच ना? दोष त्या जुन्या मुठींचाच होता, स्पंज झिजून आत नुसता नळ उरलेला. पतंग कुणीही उडवतो, प्रश्न मुठीचा असतो!

गेलो दुकानात. दुकानदार असा, की तंबू विकताना स्वतः त्यात आडवा होऊन दाखवतो. "या काका, या काकू, हँडल ना? हे बघा!" पहिली जोडी जाड स्पंजाची. धरली आणि झोपच आली हो, उशी आहे की मूठ? "पण घाम पितं हे," तो म्हणतो, "वर्षभरात लोळागोळा." मग विकता कशाला? तर हसला. दुसरी चकचकीत ॲल्युमिनियमची, हलकी, गार, आणि मासळीसारखी बुळबुळीत. तिसरी रबराची, जराशी वाकडी, बोटांच्या वळणाने. "मिटा मूठ. नखं तळव्यात रुततायत? नाही ना? मग जाडी बरोबर. आता दोरीची गाठ बघा, शिवण बघा, टोकाची बुचं ओढून बघा." मी बुचं दाताने ओढून बघितली. एक हलेना. दात हलला.

"आणि ही मनगटाची पट्टी," तो म्हणाला, "मूठ सोडलीत की ही मागच्या दोऱ्या खेचते, पतंगातली हवा जाते, पडतो चिंधीसारखा. पळून जात नाही. मूठ म्हणजे सुटली पाहिजे, काका."

म्हटलं, भल्या माणसा, सुटणारी मूठ हवी असती तर मी हात खिशात घालून उभा राहिलो नसतो?

"ऐका त्यांचं," ही मागून.

मग परीक्षा. दुकानदार म्हणतो, "काकू, तुम्ही वारा व्हा." हिने पर्स टेबलावर ठेवली, बाह्या सारल्या, दोऱ्यांची टोकं हाताला गुंडाळली. तुमच्यापासून काय लपवायचं, माझ्या मनात पाप होतं. तिच्या मागे मी पायाने हळूच स्लीपिंग बॅगांचा ढीग सरकवून ठेवला होता. ती पूर्ण भार टाकणार, "सोडा" म्हणणार, मी झटकन सोडणार, ही ढिगात बदकन! परीक्षा पास आणि वर करमणूक. एवढी सोय कोण करतं बायकोची?

ओढायला लागली. काय ओढ हो! म्हटलं, वाऱ्याला बोलावून शिकवायला पाहिजे हिच्याकडे. "सोडा!"

मी ठरवलं, सोडायचं. अगदी ठरवलं. वरून हुकूम निघाला, खांद्यापर्यंत आला, कोपरापर्यंत आला... आणि बोटांनी ऐकलंच नाही! उलट जास्त आवळली. "अहो, सोडा!" पिशव्या डोळ्यांपुढे दिसतायत मला, अकरा, ओळीने, एकीत दुधी भोपळा... तरी नाही! ही ढिगाला वळसा घालून मागे मागे, मी घसरत पुढे. बुटांचं कपाट, छत्र्यांचा स्टँड, एक बाई मोजे बघत होती ती "अगं बाई" म्हणून उडी मारून बाजूला... शेवटी हिनेच हात झटकून दोऱ्या सोडल्या आणि मी मागच्या मागे जमिनीवर, पाय वर. दोन्ही मुठी? घट्ट!

पडल्या पडल्या म्हटलं, "मूठ उत्तम आहे!"

दुकानातले सगळे वळून बघायला लागले. आपल्याला सवय आहे, पण तो दुकानदारसुद्धा छत्र्या उचलायच्या सोडून उभा. ही आली, शेजारी बसली आणि माझं एकेक बोट उलगडायला लागली... करंगळी, मग तिच्या शेजारचं. भांडली नाही हो. तिथेच मला भीती वाटली. म्हटलं, गेली चादर, आता आयुष्यभर त्यातून बटाटे आणायचे.

मुठी तिने काढून घेतल्या. स्वतःच्या हातात धरल्या. मिटल्या, उघडल्या. पट्ट्या मनगटात अडकवल्या आणि हात सैल सोडले. टप्! दोन्ही मुठी सुटून लोंबायला लागल्या. पुन्हा धरल्या, पुन्हा सोडल्या. टप्! इतक्या सहज, की जणू जन्मभर हेच करत आलीय. मग उठून दुकानदाराला म्हणाली, "याच द्या. माझ्या हाताला बसतात. आणि कमरेचा पट्टा दाखवा, मजबूत, माझ्या मापाचा."

म्हटलं, "अगं, आणि मी?"

"तुम्ही मागून धरायचं. त्यात सोडायचं काम नाही."