बाजाच्या पेटीवरचं नाव

दौंड स्टेशनात सर्जेराव पुण्याच्या गाडीची वाट बघत बसले होते. शेजारी दोघीजणी बोलत होत्या.

"करुणा, तुझी तेजश्री शाळेतली बाजाची पेटी वाजवती का गं?"

"कुठली, मावशी! पेटी कपाटात कुलपात हाय."

"अगं, पोरांसाठीच दिलीया न्हवं?"

"व्हय. पन वर देनगीदार सर्जेरावांचं नाव कोरलंय. मोडली तर त्यांना काय तोंड दावायचं, म्हंत्यात गुरुजी. दसऱ्याला तेवढी पूजेला भाईर काढत्यात."

"आन् पोरं?"

"लांबनं पाया पडत्यात."

सर्जेराव उठले.

"बाई, शाळा आत्ता उघडी असंल का?"

"असंल की. पन आबा, तुमची गाडी आली!"

"जाऊ दे तिला. कोरल्यालं नाव घासायला पॉलिश पेपर कुठं मिळंल, तेवढं सांगा."