करंजी घाट आणि दाजींची डॉज

"हॅलो?... हॅलो, कोण?... हां, मीच. रंगनाथच बोलतोय... आक्के, तू व्हय? कुठून?... करंजीच्या पोस्टातून?"

रंगनाथ मिस्त्रीनं चोरट्या नजरेनं आजूबाजूला बघितलं. नगरच्या सावेडीतल्या आसाराम पाव्हण्यांच्या नव्या बंगल्यात फोन होता तो नेमका बैठकीच्या खोलीत, आणि खोलीत नवऱ्याकडची सगळी मंडळी पानसुपारी करत बसलेली. त्यांच्या पोराशी आज गोरज मुहूर्तावर त्याच्या भाचीचं, चांगुणाचं लगीन. मामा म्हणून रंगनाथ सकाळपासूनच मांडवात हजर होता. वऱ्हाड पाथर्डीकडून यायचं होतं. आणि थोरली बहीण गोजरबाई, नवरीची आई, फोन करत होती घाटाच्या पायथ्यावरून. म्हणजे घाट अजून चढायचाच होता.

त्यानं मंडळींकडं पाठ केली आणि आवाज खाली आणला.

"थांबली म्हंजी बंद पडली का चढंना? दोन्ही येगळं असतं, आक्के... अगं ऐक ना. रडू नको. इंजान चालू हाय का?... चालू हाय. मग चढंना म्हन की."

गाडी म्हणजे दाजींची, गोजरबाईच्या नवऱ्याची, कारभारी ड्रायव्हरची डॉज मोटार. काळी, लांबलचक, अख्ख्या आळीला सावली देईल एवढी. लोक तिला हत्तीण म्हणत. वीस वर्षं त्या पट्ट्यातली नवरी सासरी निघाली की हत्तिणीतूनच निघायची. दाजींनी दुसऱ्यांच्या किती लेकी पोचवल्या, त्याला गणती नाही. मग मूळ इंजिनाला तडा गेला, सुटे भाग मिळेनात, त्यात पेट्रोल कडाडलं. जो तो म्हणाला, भंगारात घाला. दाजींनी एकच सांगितलं, चांगुणाला हिच्यातनं सासरी पोचवतो, मग विका नाहीतर जाळा.

तेव्हा हे आव्हान रंगनाथनं अंगावर घेतलं. अँबॅसिडरचं जुनं इंजिन बसवलं. चेष्टेखोर म्हणाले, हत्तिणीला उंदराचं काळीज लावलं. रंगनाथ गडी इरेला पेटला. इंजिनाला जोर यावा म्हणून हेड तासून घेतलं, कार्बोरेटरचे जेट बदलले, मागच्या चाकांना ओढ यावी म्हणून क्राऊन-पिनियनसुद्धा दुसरं टाकलं. दाजींना शेजारी बसवून घाट चढून दाखवला. हत्तीण कुरकुरली, पण चढली. फक्त त्या दिवशी गाडीत दोघंच होते. नवरीची गाडी कधी दोघांवर निघते का? हे एवढं शहाण्या मिस्त्रीच्या ध्यानात आलं नाही.

"किती जनी बसल्या हुत्या?... आगं माझे आई... बरं, करवल्या वऱ्हाडाच्या ट्रकात बसवल्या. बेस केलं... मग पुन्यांदा चढवली? आन त्याच वळणावर?... व्हय व्हय, ते वळणच तसलं हाय. डिकीत काय?... भांडी कळली, पर भांडी एवढी जड न्हाईत. आणखी काय?... जातं? जातं कुनी ठिवलं?... तू ठिवलं."

गोजरबाईनं जात्याची बाजू लावून धरली असावी, कारण रंगनाथ बराच वेळ नुसता हुं हुं करत राहिला. तिच्या आईनं तिला दिलं होतं, तिनं लेकीला द्यायचं, यात तिचं काय चुकलं?

"चुकलं न्हाई गं. पर त्यांच्या घरामागं पिठाची गिरनी हाय... बरं बरं, जातं ट्रकात घाल. पर नुसत्या जात्यानं भागायचं न्हाई, आक्के. इंजान तापलंय आता."

एवढ्यात आसाराम पाव्हणे जवळ आले. माणूस सालस. वऱ्हाड कुठवर आलं, काही अडचण आहे का, असं त्यांनी विचारलं. रंगनाथनं फोनवर हात ठेवून सांगितलं की करंजीला चहापाणी चाललंय. पाव्हण्यांना काय कळायचं ते कळलं. आपली जीप दारातच उभी आहे, म्हणाल तर नवरीला आणायला पाठवतो, असं ते बोलून गेले.

रंगनाथनं दारातल्या जीपकडं बघितलं. जीप गेली तर लगीन वेळेवर लागेल, सगळं गोड होईल. आणि दाजी रिकामी हत्तीण घेऊन लेकीच्या मागं मागं येतील. ज्या माणसानं वीस वर्षं जगाच्या लेकी पोचवल्या, त्याची स्वतःची लेक दुसऱ्याच्या जीपमधून. रंगनाथला ते नुसतं मनात आणवेना.

"आक्के, दाजींना दे जरा... दे म्हन्तो ना. यायला न्हाई म्हनत्यात? म्हनावं, गाडीचं काम हाय... हां, दाजी, राम राम. ऐका. आता एकच उपाय. रिव्हर्स टाका... रिव्हर्स, दाजी. आपल्या गाडीत समद्यात जोरदार गिअर त्योच. पयल्याला जे जमंना ते त्याला जमतं. तोंड फिरवा आन घाट उलटा चढवा... का न्हाई, दाजी?"

दाजींनी साफ नकार दिला. तो कशापायी, हे रंगनाथला पक्कं ठाऊक होतं. नवरी गाडीत बसली की गाडी मागं घ्यायची नाही, हा दाजींचा नेम. अपशकुन होतो, नवरी माघारी येते. या नेमापायी त्यांनी लोकांच्या मांडवाचे खांब काढायला लावले होते, एकदा तर बोळात बैलगाडी आडवी आली म्हणून ज्वारीच्या रानातून हत्तीण घातली होती. आजही गाडी वळणावर अडली तेव्हा त्यांनी चाकांना दगड लावले, लेकीला खाली उतरवलं, रिकामी गाडी मागं घेत पायथ्याला आणली आणि मग पोरीला परत बसवलं.

"दाजी, मागं कुठं जातीया? सासर नगराकडं, गाडी नगराकडं. मग ती म्होरंच चालली की... व्हय, तुमचा नेम मला म्हाईत हाय... न्हाई, मी चेष्टा करत न्हाई... कोन म्हनंल?... पाव्हणं म्हनत्याल?"

आता रंगनाथला खरी गोम कळली. दाजींची भीती अपशकुनाची नव्हतीच मुळी. पुढं त्या घरात कुणाला ठेच लागली, कुणाची म्हैस आटली, तरी लोक म्हणतील, नवरीच उलट्या पावलांनी आली. बोल पोरीला लागायचा. दाजींना ते सोसणारं नव्हतं.

मग मात्र त्यानं लपवाछपवी सोडली. फोन तसाच हातात धरून तो वळला आणि आसाराम पाव्हण्यांना सगळं सांगून टाकलं. छोटं इंजिन, मोठी गाडी, वळण, जातं, नेम, सगळं. पाव्हण्यांनी ऐकून घेतलं आणि फोन मागितला.

"कारभारीभाऊ, मी आसाराम. आमची सून तुमच्याच गाडीतनं येऊ द्या. घाटात गाडीचं तोंड कुनीकडं हुतं, त्याचा विषय ह्या घरात कुनी कधी काढनार न्हाई. मी शब्द देतो."

एवढं बोलून त्यांनी फोन परत दिला आणि खोलीतल्या एकेकाकडं बघितलं. नवऱ्याच्या आत्यासुद्धा मान खाली घालून सुपारी कातरू लागल्या.

"दाजी, ऐकलं न्हवं?... मग झालं तर. आता नीट ध्यान द्या. पानी बदला. रेडिएटरवर वलं पोतं टाका, उलट्या गाडीला वारं लागत न्हाई. ट्रक म्होरं घाला, भोंगा वाजवत जाऊ द्या. दोन गडी दगड घेऊन संगं चालवा. क्लच घसटू नका, आन एकदा पाय दिला की वरपातुर काढू नका... व्हय. जावा. मी हितं धरून बसतो."

तो धरून बसला. फोन जोडणाऱ्या एक्स्चेंजमधल्या बाईंनी मध्ये विचारलं तेव्हा त्यानं ताई, तोडू नका, लेकीचं काम हाय, असं गयावया करून सांगितलं. दूरवर, तारेच्या पलीकडं, त्यानंच बसवलेलं इंजिन घरघरत होतं. ते इंजिन त्यानं आवाजावरून ओळखलं. मग ते चढ्या सुरात ओरडायला लागलं.

"आक्के?... तू ट्रकात न्हाई गेलीस?... बरं, वऱ्हाडाच्या मागल्या टेम्पोतनं ये. गाडी निघाली?... पोस्टाच्या म्होरनंच गेली? चढतीया?... चढती, आक्के, चढती. मला हितं आवाज येतोय. आवाज मोकळा हाय... खिडकीतनं दिसत्यात का? दाजी काय करत्यात?... मागं बघत्यात? बघाय पायजेच. उलटी चालवायची म्हंजी मान वळवावीच लागती... काय?... कुनाकडं?"

गोजरबाई हुंदके देत सांगत होती आणि रंगनाथ फोन कानाशी घट्ट धरून ऐकत होता. दाजींनी सकाळपासून पोरीकडं एकदा म्हणून बघितलं नव्हतं. कधी टायर बघ, कधी बॉनेटला फुलांची माळ बांध, असं चाललं होतं. ड्रायव्हरला ते सोपं असतं. मागं कुणाची लेक रडते, आपण पुढचा रस्ता बघायचा. आज रस्ताच मागं होता, आणि रस्त्याच्या अलीकडं पोरगी बसली होती. तिला बघितल्याशिवाय रस्ता दिसतच नव्हता.

"दाजी रडत्यात?... आन चांगू?... काय करतीया?... पदरानं डोळं पुसतीया त्यांचं..."

दोन्ही हात स्टिअरिंगवर, डोळ्यांत पाणी, आणि पुढं वळण. मग लेकच मागच्या सीटवरून वाकून बापाचे डोळे पुसत होती, त्यांना रस्ता दिसावा म्हणून. रंगनाथला स्वतःचं नाक शर्टाच्या बाहीला पुसावं लागलं, आणि व्याह्यांच्या देखत पुसलं.

"आक्के... अगं ऐक ना. मला काय सांगत बसलीस? भाईर जा. वळनापातुर दिसत्याल अजून... मी काय पळून जातोय का? मी बघन की मांडवात. तू जा. ठेव... ठेव म्हन्तो ना, आक्के."

ती ठेवेना, तेव्हा त्यानंच ठेवला.