टपालवाल्याच्या थडग्याची वाट

भाची : थांब मामा, हात बदलते.

मामा : अगं, ठेव की खाली घटकाभर. बोटं बघ, लालभडक झालीत.

भाची : खाली ठेवला की संपलं! ओढ्यापासून थडग्यापर्यंत दगड जमिनीला टेकवायचा नाही, तरच टपालवाला मागणं पोचवतो. तीस वर्षं या डोंगरात वाटाड्या होतास, तुला मी सांगू?

मामा : मागणं काय, ते विचारत नाही.

भाची : दुसरं काय असणार? उद्या आठला आईला ऑपरेशनला नेणार. डॉक्टर म्हणाले, हृदय नाजूक आहे, काही सांगता येत नाही.

मामा : जपून. इथे माती सुटलीये...

भाची : मामा! गेला! दरीत गेला रे... माझ्याच हातून. आता आईचं काही बरंवाईट झालं तर?

मामा : गप. बस इथे. ऐक, ती गोष्ट खोटी आहे. मीच रचलीये.

भाची : उगाच समजूत घालू नकोस.

मामा : थडग्यावरच्या दगडावर एवढंच कोरलंय, टपालवाला, वय बावीस, वादळात गेला. बाकी कुणाला काही ठाऊक नाही. उतार खचत होता, थडगं दरीत जायला आलेलं. बांध घाला म्हणून कचेरीत चपला झिजवल्या, कुणी ढुंकून पाहिलं नाही. म्हटलं, लोक फुकट दगड वाहणार नाहीत, आशेपायी वाहतील. चार वर्षांत बांध उभा राहिला.

भाची : आणि जमिनीला न टेकवणं?

मामा : नाहीतर अर्ध्या वाटेत टाकून मोकळे झाले असते की.

भाची : शाबास! आणि मी खुळी, आईला दवाखान्यात सोडून आले! सकाळीच का नाही बोललास?

मामा : तुझा चेहरा बघून तोंड उघडेना. चुकलंच माझं.

(दोघं उरलेला चढ चढतात.)

भाची : हेच का ते? केवढुसं आहे. बांध मात्र भक्कम घातलास हो.

मामा : लोकांनी घातला.

भाची : पाणी दे. आणि उतरव ती पिशवी आता. सकाळपासून पाठीवरून काढली नाहीस, जेवतानासुद्धा.

मामा : हळू. जड आहे.

भाची : मामा... हा तर ओढ्यातला दगड.

मामा : तुझ्या आईने मला पाठुंगळी घेऊन नदी ओलांडलीये, पोरी. मी सहा वर्षांचा, ती दहाची.

भाची : पण गोष्ट तर तूच रचलीस ना?

मामा : हो. धर त्या बाजूने. दोघं मिळून ठेवू.