पक्षी की पाखरू

(वाचा-उपचाराची खोली. टेबलावर चित्रांची कार्डं.)

उपचारतज्ज्ञ : पुन्हा बघा, काका. हे काय आहे?

काका : पाखरू.

उपचारतज्ज्ञ : छान. पण माझ्या तक्त्यात ‘पक्षी’ आहे. तो शब्द येतोय का बघू. प...

काका : पा... पाखरू.

काकू : अहो, चाळीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलंत. मुलांनी उत्तरात ‘पाखरू’ लिहिलं की तुम्हीच अर्धा मार्क कापायचात. भोगा आता.

उपचारतज्ज्ञ : काकू, मध्ये बोलायचं नाही असं ठरलं होतं ना?

काकू : बोलत कुठे आहे, नुसतं सांगतेय. पक्षाघातानं नेमका पक्षीच नेला बघा.

उपचारतज्ज्ञ : अर्थ एकच आहे म्हणा दोन्हींचा.

काकू : एकच कसा? शहामृगाला पाखरू म्हणाल? गिधाडाला? पाखरू एवढंसं असतं, ओंजळीत मावेल असं. आणि त्याच्यावर जीव असावा लागतो. थोरली सासरी गेली तेव्हा हे तिच्या खोलीत जाऊन बसले. म्हणाले, ‘पाखरू उडालं.’ ‘पक्षी उडाला’ म्हणाले असते तर मला हसूच आलं असतं.

उपचारतज्ज्ञ : म्हणजे शाळेतला शब्द गेला, घरातला राहिला. होतं असं पुष्कळदा. पण दोन महिने झाले, काका एका शब्दाच्या पुढे जात नाहीत. मला काळजी त्याची आहे.

काकू : मला नाही होय? घरात मी एकटीच बोलते. भांडायचं तरी कोणाशी? ...लग्नानंतर वर्षभर मलाही पाखरूच म्हणायचे हे.

काका : न... नाही.

काकू : नाही काय? साफ विसरलात?

काका : तुला... नाही.

काकू : मग कोणाला म्हणायचात?

उपचारतज्ज्ञ : काकू, थांबा जरा. काका, सावकाश. घाई नाही. काकूंना काय म्हणायचात?

काका : घार. तू... घार होतीस. सगळ्यांवर... नजर.

उपचारतज्ज्ञ : काकू, रागावू नका. पण हे वाक्य आहे. अख्खं, त्यांचं स्वतःचं.

काकू : रागावते कशाला. लिहून घ्या तुमच्या तक्त्यात.

उपचारतज्ज्ञ : पाणी देऊ का तुम्हाला?

काकू : नको, काही नाही झालेलं मला. ...अहो, ‘होतीस’ म्हणजे? आता नाही का मी घार?

काका : आहेस. असू दे.